डेनिस होर्न्याकचा बोकड

डेनिस होर्न्याकने एकतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली, आणि तेवढ्या वर्षांत आपल्या हातून फळ्यावर एक रेघ वाकडी गेली नाही, याची त्याला भारी घमेंड होती. ती उतरवायला देवाला दीड टन लोखंड लागलं, असं पुढे तो स्वतःच सांगायचा. सांगताना स्वतःला कुठेही सोडायचा नाही, म्हणून ऐकायलाही मजा यायची.

लोखंड त्याच्या काकांचं होतं. लायोश काका अमेरिकेतल्या टोलेडो शहरात, काचेच्या कारखान्यात भट्टीवर कामाला. सदुसष्ट साली, लग्नाला आठ वर्षं झाल्यावर, त्यांनी पॉन्टिएकची नवीकोरी जीटीओ घेतली. गडद हिरवी, दोन दारांची, चार गिअरची, आणि पुढे बोनेटखाली असलं दांडगं इंजिन, की नुसतं चालू केलं तरी गाडी जागच्या जागी एका अंगाला झुकायची. अशा गाडीला मसल कार म्हणतात हे आमच्या पूर्वेकडच्या हंगेरियन वस्तीत कोणाच्या गावीही नव्हतं. सगळे तिला ‘बोकड’ म्हणत. लायोश काकांचा बोकड कॉन्सॉल स्ट्रीटला वळला, की दोन गल्ल्या पलीकडच्या बायका कपाटातल्या बश्या धरून ठेवत, आणि पाद्रीबुवा प्रवचन थांबवून तो जाईपर्यंत छताकडे बघत उभे राहत.

अठ्ठ्याऐंशी साली काकांचा डावा गुडघा गेला. क्लच दाबवेना. बोकड गॅरेजमध्ये गेला, त्याच्यावर ताडपत्री पडली, ताडपत्रीवर नाताळच्या दिव्यांची खोकी आली आणि खोक्यांवर तीस वर्षांची धूळ. मग काकाही गेले. वकिलाने मृत्युपत्र वाचलं. घर मुलीला, म्हणजे इलोनाला. गाडी पुतण्याला, म्हणजे डेनिसला.

डेनिस तेव्हा नुकताच निवृत्त झाला होता. एकटा जीव, लग्न करायचं राहूनच गेलं होतं. टायरमधली हवासुद्धा तो दुसऱ्याकडून तपासून घ्यायचा. पण वकिलाच्या तोंडून आपलं नाव ऐकलं आणि त्याची छाती दोन इंच फुगली. काकांनी आपल्यातला कारागीर ओळखला होता! जगात निदान एका माणसाने तरी!

“मी स्वतः दुरुस्त करणार,” त्याने तिथेच जाहीर केलं. “एक स्क्रूसुद्धा बाहेर देणार नाही.”

इलोनाने नुसतं त्याच्या मऊ हातांकडे पाहिलं. ती त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी, सव्वीस वर्षं शाळेची बस चालवणारी बाई. लहानपणी काका गाडीखाली आडवे असायचे तेव्हा हातात पाने द्यायला तीच उकिडवी बसलेली असायची. डेनिस तेव्हा ओट्यावर पुस्तक वाचत असे. हे त्याला आठवत होतं, पण त्या दिवशी आठवायची त्याला इच्छा नव्हती.

कामाला त्याने पद्धतशीर सुरुवात केली. इंजिन खोललं, प्रत्येक बोल्ट वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घातला, आणि पिशवीवर कागदी चिकटपट्टी लावून सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘डावीकडचा लांब’, ‘त्याच्या शेजारचा’, ‘हा कुठला ते नंतर पाहणे’. अशा दोनशे चौदा पिशव्या झाल्या. एका शनिवारी, दर शनिवारी यायची तशी, इलोना डोनटचं खोकं घेऊन आली, उलट्या बादलीवर बसली आणि तिने एक पिशवी उचलून वाचली.

“मास्तर, हे काय?”

“वर्गीकरण.”

“बरं,” ती म्हणाली आणि डोनट खाऊ लागली.

जुलैमध्ये गॅरेज भट्टीसारखं तापलं. चिकटपट्ट्यांचा डिंक वाळला, आणि एका सकाळी डेनिसने दार उघडलं तर सगळ्या पट्ट्या पानगळीसारख्या जमिनीवर. पिशव्या एकीकडे, नावं एकीकडे. तो तसाच त्यांच्यामध्ये मांडी घालून बसला. उन्हाळ्याचे पुढचे दोन महिने त्या बोल्टांच्या ओळखपरेडीतच गेले.

एक स्क्रूही बाहेर देणार नाही म्हणणाऱ्याने सिलिंडर घासायला बाहेर दिले, आसनं शिवायला बाहेर दिली, रंगही बाहेरूनच दिला. गाडी रंगाला न्यायची तर टोइंगचा ट्रक यायचा, आणायची तरी ट्रकच. लोकांना सांगताना मात्र तो ‘आम्ही घासले’, ‘आम्ही रंगवली’ असं म्हणायचा. या ‘आम्ही’त आपण नेमके कुठे उभे आहोत, हा प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारला नाही.

तिसऱ्या वर्षी इंजिन जोडून झालं. तीन बोल्ट उरले. ते त्याने खिशात टाकले. पहिल्यांदा चालू करायचा मुहूर्त म्हणून त्याने मार्गित काकूंना बोलावलं. काकू शहाऐंशीच्या, लायोश काकांच्या मागे इलोनाजवळ राहत. त्यांच्यासाठी गॅरेजच्या दारात खुर्ची मांडली. इलोना बादलीवर. डेनिसने बोनेट उघडंच ठेवलं, किल्ली फिरवली, आणि आतली गुरगुर नीट ऐकू यावी म्हणून उतरून इंजिनवर वाकला.

धडाड! कार्ब्युरेटरमधून हातभर जाळ वर आला आणि डेनिसची डावी भुवई घेऊन गेला.

“मास्तर,” इलोना बसल्या जागेवरून म्हणाली, “डिस्ट्रिब्यूटर उलटा बसलाय. ठिणगी नको तेव्हा पडतेय.”

“शक्यच नाही. मी तीनदा मोजलंय.”

“उलटा म्हणजे बरोब्बर अर्धा फेरा. अर्ध्या फेऱ्याचे अंश किती रे होतात?”

डेनिस भुवई चाचपू लागला.

“एकशे ऐंशी,” खुर्चीतून काकू म्हणाल्या. “मला काय येत नाही होय?”

डिस्ट्रिब्यूटर फिरवून बसवला आणि दुसऱ्या किल्लीला इंजिन लागलं. आधी खोकलं, मग घसा खाकरला, आणि मग तो जुना आवाज गॅरेजच्या पत्र्यावर आदळला. खिडकीची तावदानं थरथरली. काकूंनी चष्मा काढला, स्वेटरच्या बाहीला पुसला, परत लावला आणि पुन्हा काढला. इलोना डोनट हातात धरून तशीच उभी राहिली होती. डेनिसला वाटलं, या क्षणी आपण मेलो तरी चालेल.

मेला असता तर बरं झालं असतं. कारण एक गोष्ट त्याने कोणालाच सांगितली नव्हती. त्याला क्लचची गाडी चालवता येत नव्हती. आयुष्यभर त्याने आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्याच चालवल्या. बोकड दुरुस्त करताना त्याला वाटलं, एवढं सगळं खोलून जोडलं म्हणजे चालवणं त्यातच आलं. गोठ्यात जन्म काढला की दूध काढता येतंच, तसं. कोणी विचारलं, “काय डेनिस, फिरवत नाहीस?” तर तो डोळे बारीक करून म्हणायचा, “इतक्यात नाही. जुनं इंजिन आहे, मुरू द्यावं लागतं.” जसं काही ते लोणचंच होतं.

ऑगस्टमध्ये चर्चचा उत्सव असतो. त्या वर्षी मिरवणुकीचा मान वस्तीतली सगळ्यात जुनी सून म्हणून मार्गित काकूंना मिळाला. रविवारच्या जेवणाला, चिकन पाप्रिकाश वाढता वाढता काकू म्हणाल्या, “मी काही कोणाच्या ट्रकमध्ये उभी राहायची नाही. मला लायोशच्या बोकडातून जायचंय. डेनी नेईल.”

सगळ्यांच्या माना डेनिसकडे वळल्या.

“जमेल ना, मास्तर?” इलोनाने विचारलं.

“जमेल ना म्हणजे? मी स्वतः जोडलीय ती.”

पुढचे दोन रविवार पहाटे, जीव मुठीत धरून, तो बोकड घेऊन बंद पडलेल्या एका मोठ्या दुकानाच्या आवारात गेला. जाताना सगळा रस्ता पहिल्या गिअरमध्ये, येताना तसाच. मोकळ्या आवारात सरळ रेषेत सुरू करायची, सरळ रेषेत थांबवायची. दुसऱ्या रविवारी एकदा दुसरा गिअरसुद्धा पडला. डेनिसने तिथेच इंजिन बंद केलं. जे सिद्ध करायचं होतं ते सिद्ध झालं, असा शेरा मारून तो घरी गेला.

मिरवणूक अकराला निघाली. पुढे झेंडेवाली मुलं, मग बोकड, मागे बँड. काकू पुढच्या आसनावर, मांडीवर ग्लॅडिओलसची जुडी. पहिले शंभर फूट झकास गेले. डेनिस दोन्ही बाजूंना मान हलवत होता, एकदा तर त्याने हातही हलवला. मग झेंडेवाली मुलं चौकात थांबली. डेनिसने ब्रेक दाबला, क्लच विसरला. बोकडाने नावाला जागून उडी मारली आणि इंजिन बंद पडलं. काकूंची फुलं काचेवर आपटली.

“काय झालं रे?”

“काही नाही काकू. इंजिन थंड आहे अजून.”

तीस पावलांवर पुन्हा तेच.

“आता काय झालं?”

“आता गरम झालंय.”

लोक आधी टाळ्या वाजवत होते, मग हसू लागले, मग मोजू लागले. पाचव्या उडीनंतर कोणीतरी मोठ्याने ओरडलं, “पाच!” गाडीत घाण वास भरला होता.

“काहीतरी करपतंय,” काकू म्हणाल्या.

“रस्त्यावर सॉसेज भाजतायत, काकू.”

“साठ वर्षं सॉसेज भाजतेय मी. हा वास सॉसेजचा नाही.”

तो क्लचचा होता. सगळं टोलेडो पोळपाटासारखं सपाट, पण मिरवणुकीच्या वाटेवर रेल्वेच्या रुळांपाशी जेमतेम कमरेएवढा एक चढ आहे. साठ वर्षांत तो चढ आहे हे डेनिसच्या कधी लक्षात आलं नव्हतं. बरोबर त्या चढावर झेंडे थांबले, बोकड थांबला, आणि डेनिसने क्लच सोडायच्या आधी ब्रेक सोडला. गाडी हळूहळू, शांतपणे, मागे जाऊ लागली.

मागून टण्ण असा आवाज आला. ट्रॉम्बोनवाल्याची नळी डिकीला लागली होती. ज्या डिकीवरची धूळ डेनिस बाळाच्या लंगोटाच्या कापडाने पुसत असे, तिलाच. बँड एकेक वाद्य करत गप्प झाला. सगळ्यात शेवटी ट्युबावाला. त्याला पुढचं काही दिसत नसल्यामुळे तो बराच वेळ एकटाच वाजवत राहिला.

डेनिस दोन्ही पाय ब्रेकवर देऊन, स्टिअरिंग कवटाळून बसला. खिडकीत इलोना आली. तिच्या हातात कागदी ताटली होती आणि ताटलीत कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा.

“क्लच येत नाही ना तुला?”

डेनिसने बऱ्याच थापा तयार ठेवल्या होत्या. त्यातली एकही तोंडात येईना.

“नाही.”

“कधीच?”

“कधीच.”

“चार वर्षं?”

“चार वर्षं.”

“सरक.”

“कुठे?”

“मागे जा.”

पार्किंगचा ब्रेक लावून साठ वर्षांचा निवृत्त शिक्षक दोन आसनांच्या फटीतून, सगळ्या वस्तीदेखत, मागच्या आसनावर चढला. चढताना त्याचा एक बूट काकूंच्या खांद्याला लागला. इलोनाने ताटली त्याच्या हातात दिली, काकूंनी फुलंही त्याच्याकडे दिली, आणि तो दोन्ही सांभाळत पाहुण्यांच्या पोरासारखा गुडघे जुळवून बसला.

इलोनाने आसन पुढे ओढलं. डावा हात स्टिअरिंगवर, उजवा गिअरच्या दांडीवर. क्षणभर तिने हात तसाच ठेवला. मग गाडी चढावरून अशी निघाली की ताटलीतला रस्सासुद्धा हलला नाही. टाळ्या पडल्या. त्या आपल्यासाठी नाहीत हे कळायला डेनिसला भूमितीची गरज लागली नाही.

चर्चपाशी मिरवणूक उजवीकडे वळली. इलोना वळली नाही.

“अगं, पाद्रीबुवा थांबलेत!” डेनिस म्हणाला.

“थांबू देत,” काकू म्हणाल्या.

नदीकाठचा रस्ता मोकळा होता. इलोनाने दुसरा टाकला, तिसरा टाकला, आणि बोकड खऱ्या अर्थाने उधळला. डेनिसची पाठ आसनात रुतली, फुलांच्या पाकळ्या उडून मागच्या काचेला चिकटल्या, आणि पुढे काकू, शहाऐंशी वर्षांच्या, दोन्ही हात टपाला टेकवून एखाद्या पोरीसारख्या किंचाळत होत्या. आरशात डेनिसला इलोनाचं तोंड दिसलं. तिला तो जन्मापासून ओळखत होता, पण हे तोंड त्याने कधी पाहिलं नव्हतं. आपण चार वर्षं हिच्यासमोर बसून हिच्याच बापाची गाडी बिघडवत होतो, हे त्याला तेव्हा लख्ख कळलं.

नदीकाठी गाडी थांबवून तिघांनी ती ताटली संपवली. काटा एकच होता.

“काकांनी ही मला का दिली असेल?” डेनिस म्हणाला. “तुला द्यायला हवी होती. मला वाटायचं, त्यांना माझ्यात काहीतरी दिसलं असेल. हातात कसब वगैरे.”

इलोनाने आईकडे पाहिलं. काकूंनी नदीकडे पाहिलं.

“सांगून टाक,” काकू म्हणाल्या. “आज त्याची अब्रू गेलेलीच आहे. एकदमच होऊन जाऊ दे.”

“मी विचारलं होतं बाबांना,” इलोना म्हणाली. “हॉस्पिटलमध्ये. रागावलेच होते मी. बाबा, गाडी मला का नाही? तर म्हणाले, तुला घर आहे, नवरा आहे, नातवंडं आहेत, बस आहे. डेनिसकडे काय आहे? एक कंपासपेटी. त्याला काहीतरी उद्योग दे, नाहीतर भिंतीकडे बघत मरेल.”

डेनिसला राग आला. मग त्याने रागाचं कारण शोधायला मनातल्या मनात पुरावा मांडायला घेतला. निवृत्तीचा पहिला महिना त्याला आठवला. त्या महिन्यात त्याने घरातल्या सगळ्या तसबिरी पातळीयंत्र लावून सरळ केल्या होत्या. दोनदा. काकांचं गणित चोख होतं. तो हसायला लागला, आणि हसता हसता नाक पुसायला लागला.

“घे,” त्याने किल्ली पुढे केली. “तुझीच आहे.”

“ठेव तुझ्याकडे. बाबांनी दिलीय, मी कोण घेणारी? पण चालवायला शीक. होर्न्याकांचा बोकड आणि होर्न्याकालाच येत नाही, मला बस डेपोत तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

“आणि शनिवारी? येशील ना?”

“शनिवारी मी चालवीन. दर शनिवारी. त्यात विचारायचं नाही.”

क्लच नवीन घालावा लागला. या वेळी पाने डेनिसने दिले आणि गाडीखाली इलोना आडवी झाली. शिकवणी बस डेपोच्या आवारात. इलोना नव्या ड्रायव्हरांना शिकवायची तशीच त्याला शिकवायची, तेच शब्द, तोच वरच्या पट्टीतला आवाज: “पाय हलका! पाय हलका, अंड्यावर ठेवल्यासारखा! मास्तर, ते अंडं फुटलं! दुसरं घ्या!” भिंतीवर बसून कॉफी पिणारे सात-आठ बसवाले प्रत्येक फुटलेल्या अंड्याला हळहळायचे. डेनिसने एकतीस वर्षं ज्या चेहऱ्यांना ‘इतकं सोपं कसं येत नाही?’ असं विचारलं होतं, ते सगळे त्याला त्या आवारात आठवले. दोघातिघांची त्याने मनोमन माफीही मागितली. एका बसवाल्याची तर प्रत्यक्षच मागितली. तो त्याचा विद्यार्थी निघाला.

डिकीवरचा ट्रॉम्बोनचा ओरखडा त्याने रंगवून घेतला नाही. इतकं सगळं बाहेरून करून घेतलं होतं. तेवढी एकच खूण त्याच्या स्वतःच्या हातची होती.

ऑक्टोबरात, एका मंगळवारी, तो इलोनाला आणि काकूंना घेऊन सरोवराकाठी पोर्ट क्लिंटनला मासे खायला निघाला. रस्ता सरळ, दोन्हीकडे कापणी झालेली सोयाबीनची शेतं. पहिला पडला, दुसरा पडला, तिसऱ्याला थोडी कुरकुर झाली, आणि चौथा असा बसला की त्याला स्वतःलाच खरं वाटेना. इंजिनचा आवाज खाली उतरून एका लयीत गुणगुणू लागला. त्याने मान वळवून इलोनाकडे पाहिलं, शाबासकीसाठी. ती खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली होती. सव्वीस वर्षं बस चालवलेली बाई, दुसऱ्याच्या गाडीत डोळा मिटत नाही, आणि ती घोरत होती. डेनिसला इतका आनंद झाला की वळण चुकलं आणि ते आठ मैल पुढे गेले.

माशाच्या टपरीपाशी त्याने गाडी मोठ्या झोकात आणून थेट लाकडी कुंपणाला नाक लावून उभी केली. तळलेले मासे झाले, कॉफी झाली. निघताना त्याच्या लक्षात आलं, मागे घ्यायचा गिअर अजून आपल्याला सापडत नाही. दांडी डावीकडे, पुढे, वर, नुसतीच करकर.

“इलोना...”

“आज मंगळवार आहे,” ती दारात उभी राहून दात कोरत म्हणाली. “शनिवार असता तर काढली असती. ज्याने लावली त्याने काढायची.”

शेवटी काकू स्टिअरिंगवर बसल्या, आणि डेनिस पुढून बोनेटला खांदा लावून ढकलू लागला. गळ घेऊन चाललेले दोन कोळी थांबले, त्यांनी बादल्या खाली ठेवल्या आणि तेही रेटायला आले.

“झकास आहे हो गाडी,” एकजण धापा टाकत म्हणाला. “किती ताकदीची?”

“तीनशे पस्तीस घोड्यांची,” डेनिस म्हणाला, आणि त्याचा पाय वाळूत घसरला.